‘बाहेर’ कोणाच्या? : वारली चित्रे आणि एका संज्ञेची मर्यादा

मनोरुग्णालयांतील रहिवासी, एकांतवासी आणि कलाशाळेचे तोंडही न पाहिलेली माणसे यांनी काढलेल्या चित्रांचा संग्रह फ्रेंच चित्रकार झां द्युब्युफे याने १९४५ साली आरंभिला, आणि त्या कलेस ‘आर ब्रुत’, म्हणजे कच्ची, संस्करण न झालेली कला, असे नाव दिले. पुढे १९७२ मध्ये रॉजर कार्डिनल या इंग्रज समीक्षकाच्या ग्रंथामुळे ‘आउटसायडर आर्ट’ ही संज्ञा रूढ झाली. ती मराठीत आणू जाता एक अडचण उभी राहते. मराठीत ‘बाहेर’ हा शब्द बहुधा शब्दयोगी म्हणून येतो : गावाबाहेर, घराबाहेर, जातीबाहेर. तो क्रियाविशेषण म्हणून एकटा आला, तरी कशाच्या बाहेर हे ऐकणारा संदर्भाने जाणतोच. इंग्रजी संज्ञेत मात्र हा संदर्भबिंदू गृहीत धरून लपविलेला आहे.

स्वित्झर्लंडमधील आडोल्फ व्योल्फ्ली याच्यापुरती ती संज्ञा ठीक चालते. १८९५ पासून १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत तो बर्नजवळील वाल्दाउ मनोरुग्णालयात होता, आणि तेथे त्याने चित्रे, गद्य व स्वरलिपी यांनी भरलेले सुमारे २५,००० पृष्ठांचे काल्पनिक आत्मचरित्र रचिले. त्या विश्वाचा रहिवासी तो एकटाच.

डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची गोष्ट वरवर पाहता याच प्रकारची वाटते. बालपणीच आई गेली, वाचा बंद झाली, आणि मुलगा धुळीत रेघा ओढून बोलू लागला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. पण या धुळीतील रेघा त्यांच्या एकट्याच्या नव्हत्या. वारल्यांच्या घरी लग्नप्रसंगी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. चौकात पालघाट देवी विराजते, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. पुढे भिंत पुन्हा सारवली की चौक नाहीसा होतो. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन यांची ही वर्णमाला म्हसे यांनी कोणा गुरूकडून घेतली नाही, हे खरेच. पण ‘न शिकविता शिकणे’ आणि ‘न शिकणे’ यांत भेद आहे, आणि ‘स्वयंशिक्षित’ हा शब्द तो भेद पुसून टाकतो.

म्हसे यांचे नवेपण निराळ्या ठिकाणी शोधावे लागते. पुरुष असून आणि घरात लग्न नसून ते दररोज चित्रे काढीत. विधीपासून सुटलेल्या या वर्णमालेतून त्यांनी मासेमारीचे जाळे, वारुळे, तारप्याभोवती वळत जाणारी नाचाची रांग अशी स्वतंत्र वाक्ये घडविली. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुळकर्णी यांच्या प्रयत्नांनी ही चित्रे कागदावर आली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांचे प्रदर्शन भरले, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, तर २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. चौक काढणाऱ्या सवाशिणींची नावे मात्र कोणी नोंदवून ठेविली नाहीत.

येथे एक भाषिक निरीक्षण अप्रस्तुत होणार नाही. मिथिलेत स्त्रिया कोहबर ‘लिहितात’. गुजरातेतील राठवांमध्ये पिठोरा काढणाऱ्यास ‘लखारा’, म्हणजे लिहिणारा, म्हणतात. संस्कृत ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे हाच, आणि ‘आलेख्य’ म्हणजे चित्र. लेखन व चित्र यांची फारकत ज्यांनी केली नाही, त्यांना ‘निरक्षर कलावंत’ म्हणताना थोडा विचार करणे इष्ट.

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही. गोरेगावच्या आरे वसाहतीतील व बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पाड्यांवर वारली कुटुंबे राहतात. त्यांच्या आकृत्या उपनगरांतील भिंतींवर, साड्यांवर, चहाच्या पेल्यांवर सर्रास दिसतात, आणि बहुधा कर्त्याच्या नावावाचून. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली, परंतु तिने संरक्षण होते ते समूहाच्या नावाचे, एखाद्या हाताचे नव्हे. आरे दुग्धवसाहतीची उभारणी १९४९ साली सुरू झाली, आणि आपले पाडे तिच्याही आधीचे आहेत असे तेथील आदिवासी सांगतात. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी तेथील झाडे तोडली गेली, तेव्हा विरोधास उभे राहिलेल्यांत हे पाडेकरीही होते.