तलावांच्या जिल्ह्यात प्रवाशाचे पान

भंडारा जिल्ह्यात येणारा प्रवासी बहुधा नागपूरकडून येतो आणि पुष्कळदा शिदोरीही तेथूनच बांधून आणतो. साकोलीमार्गे नागझिऱ्याचे अरण्य, २०१३ साली अभयारण्य म्हणून घोषित झालेले कोका, आंबागडचा किल्ला, १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले ती पवनी, ही स्थळे पाहून तो परततो. मात्र धान आणि मासळी यांनी समृद्ध असलेल्या या भूमीची चव त्याला क्वचितच लाभते. महामार्गावरील ढाब्यांच्या फलकांवर पनीर आणि तंदुरी रोटी असते. जिल्ह्याचे स्वतःचे अन्न मागावे लागते, आणि तेही आगाऊ सांगून.

यात अग्रमान चिन्नोर तांदळाचा. शिजताना घरभर दरवळणारा हा सुवासिक वाण. २०२३ साली भंडारा चिन्नोरला भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. परंतु मानांकनाने पीक वाढत नसते. चिन्नोर उशिरा तयार होतो, उंच वाढल्यामुळे वाऱ्यापावसात लोळतो आणि उतारा कमी देतो. शासकीय आधारभूत किंमत साधारण व 'अ' दर्जा पाहून ठरते. सुगंधाला तेथे वेगळा दर नाही. साहजिकच शेतकरी अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांकडे वळला. अशा स्थितीत खानावळीत बसून "भात चिन्नोरचा आहे काय?" असे विचारणारे गिऱ्हाईक ही या वाणाला मिळालेली बाजारपेठच होय. चार जणांनी विचारले, तर पाचव्या दिवशी मालक पोते आणून ठेवतो.

मासळीचेही तसेच. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर आज ढिवर बांधवांच्या मच्छीमार सहकारी संस्था मासेमारी करतात. रोहू, कटला, मरळ आणि झिंगे येथे मिळतात. उन्हाळ्यात तलाव आटू लागले की मासळी मुबलक होते; पावसाच्या आरंभी मासे अंडी घालतात, तेव्हा आग्रह न धरणेच योग्य. मासळी ताजी असल्यास कल्ले लाल व डोळे चमकदार दिसतात. स्वयंपाकापूर्वी ती पाहावयास मागण्यात संकोच नसावा.

मोहाडी, आंधळगाव, पवनी ही विणकरांची गावे. सावजी रस्सा हा मूळचा विणकर घरांतलाच. तो अतिशय झणझणीत असतो. ज्यांना तिखट सोसत नाही, त्यांनी तसे आधीच सांगावे, कारण एकदा मसाला पडल्यावर उपाय उरत नाही. शाकाहारी प्रवाशांसाठी पाटवडी-रस्सा आहे. हिवाळ्यात सांबारवडीही मिळते. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे परगावच्या माणसाने ध्यानात ठेवावे, नाहीतर तो दाक्षिणात्य सांबाराची वाट पाहत बसतो!

गावातील लहान खानावळीत मोजकेच शिजते. म्हणून रात्रीचे जेवण हवे असल्यास सकाळीच किती पाने, काय हवे आणि दर किती, हे ठरवून घ्यावे. दुपारी जेथे स्थानिक लोकांची वर्दळ असते, तेथे अन्न शिळे राहण्याचा संभव कमी. अन्नसुरक्षा कायद्यानुसार लहान खाद्यविक्रेत्यासही नोंदणी आवश्यक असून प्रमाणपत्र दर्शनी भागी लावावे लागते. त्याकडे एक दृष्टिक्षेप टाकावा. पाणी उकळलेले मागावे. अरण्यात जाताना सोबत काही न्यायचेच असेल, तर हंगामात तलावांतून निघणारे शिंगाडे उकडून घ्यावेत, आणि त्यांची टरफले पिशवीतून परत आणावीत.