हिरवळीवर विसरलेला नकाशा

उद्यानांच्या इतिहासाचा नाद मला केव्हा लागला हे निश्चित सांगता येणार नाही. परंतु त्या नादाला दिशा मिळाली ती संध्याकाळ मात्र स्पष्ट आठवते. पावसाळ्याच्या तोंडी, फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर, ताडपत्रीखाली रचलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून रॉबर्ट कॅरो याचे ‘द पॉवर ब्रोकर’ हे १९७४ सालचे, उशीला घेता येईल इतके जाड चरित्र मी बरीच घासाघीस करून उचलले आणि छत्रीखाली स्वतःपेक्षा त्यालाच अधिक जपत घरी आणले. चरित्रनायक न्यूयॉर्कचा रॉबर्ट मोझेस. त्याचे पूल, त्याचे महामार्ग, एकाही निवडणुकीत न जिंकता चाळीसएक वर्षे चालवलेली त्याची हुकूमत या गोष्टी नगररचनेत किंचितही रस असणाऱ्यांच्या कानांवर आलेल्या असतात, तेव्हा त्यांची उजळणी करीत नाही. माझे मन गुंतले ते त्या विशाल ग्रंथातील एका लहानशा प्रकरणात, ज्यात पूल नाही की महामार्ग नाही, आहे तो केवळ गवतावर विसरलेला एक कागद.

१९५६ सालचा एप्रिल महिना. सेंट्रल पार्कच्या पश्चिम कडेला, सदुसष्टाव्या रस्त्याच्या टोकाशी, ‘टॅव्हर्न ऑन द ग्रीन’ नावाचे एक श्रीमंती उपाहारगृह होते. त्याची इमारत मुळात मेंढवाडा म्हणून १८७० च्या सुमारास बांधलेली. शहराच्या मध्यभागी खरीखुरी मेंढरे चरत असावीत, ही त्या उद्यानाच्या रचनाकारांच्या काळातली हौस. १९३४ साली उद्यान-आयुक्ताच्या खुर्चीवर बसताच मोझेसने मेंढरांची रवानगी ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कात केली आणि मेंढवाड्यात मेजे मांडली. या उपाहारगृहाला लागून अर्ध्या एकराची एक सखल, झाडांच्या सावलीची जागा होती. तिथे ना पुतळा ना कारंजे. आसपासच्या इमारतींतील आया तान्ह्या मुलांच्या बाबागाड्या घेऊन येत, रांगती मुले गवतावर सोडीत, आणि तासभर एकमेकींशी बोलत बसत. ८४३ एकरांच्या उद्यानात अर्धा एकर म्हणजे हिशेबाच्या वहीतला किरकोळ खर्च. पण ज्यांची मुले अजून रस्ता ओलांडण्याच्या वयाची झाली नव्हती, त्यांच्या लेखी उद्यान म्हणजे तेवढेच.

९ एप्रिलला मोजणीची उपकरणे घेऊन काही माणसे तिथे आली. दुपारी ती जेवायला गेली आणि जाताना नकाशाची निळी प्रत तिथेच ठेवून गेली. मुलाला घेऊन आलेल्या एका आईने, ज्याला निव्वळ चौकसपणा म्हणतात तेवढ्याच भावनेने, तो कागद वाकून पाहिला. मथळा सरळ होता: वाहनतळाचा तपशीलवार नकाशा. सावलीची ती जागा सपाट करून, डांबर ओतून, उपाहारगृहाच्या गिऱ्हाइकांच्या ऐंशी मोटारी उभ्या करण्याचा बेत होता आणि त्याची वार्ता शेजाऱ्यांपैकी कोणालाही नव्हती. नोटीस नाही, जाहीर सुनावणी नाही, साधा एक फलकही नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तरखान्यात महिनोन्‌महिने धूळ खाऊन जे सापडत नाही, ते त्या बाईंना जेवणाच्या सुट्टीने बहाल केले. आणि मला राहून राहून असे वाटते की, त्या मोजणीदाराने डबा बरोबर आणला असता तर पुढचे सारे प्रकरण आठवडाभर उशिरा, म्हणजे बुलडोझर येऊन गेल्यानंतर, सुरू झाले असते.

तेवीस आयांनी सह्या करून अर्ज केला. मोझेसच्या खात्यात अशा अर्जांचे काय करावयाचे याचा शिरस्ता ठरलेला होता: उत्तर द्यायचे नाही, किंवा काम आटोपल्यावर द्यायचे. १७ एप्रिलला बुलडोझर आला तेव्हा आया बाबागाड्यांसह त्याच्यापुढे उभ्या राहिल्या आणि यंत्र परत फिरले. वृत्तपत्रांना याहून अधिक काय हवे होते? एकीकडे लोखंडी पाते, दुसरीकडे दुपट्यात गुंडाळलेले मूल; छायाचित्रकाराला कॅमेरा नीट धरण्याचेही कष्ट पडू नयेत असा देखावा.

इथे मोझेसची चूक झाली आणि ती चूक त्याच्या स्वभावाला धरूनच होती. आठवडाभराने, २४ एप्रिलच्या मंगळवारी, उजाडण्यापूर्वी त्याची माणसे आली, पोलिसांच्या पहाऱ्यात त्यांनी त्या जागेभोवती कुंपण घातले, आणि बायका धावत येईपर्यंत कुंपणाआड झाडे कोसळू लागली होती. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने हा डाव अचूक होता. यापूर्वी अनेकदा तो यशस्वीही झाला होता. परंतु गरिबांच्या वस्तीत रात्री झालेली गोष्ट आणि सेंट्रल पार्कच्या पश्चिमेला राहणाऱ्या लेखक, चित्रकार, वकील, नभोवाणीचालक यांच्या खिडक्यांखाली पहाटे झालेली गोष्ट यांत अंतर असते. त्या शहराला आजवर ज्या माणसाचे वर्णन उद्यानांचा जनक म्हणून पाठ होते, तो अंधारात कुंपण घालून झाडे तोडताना सकाळच्या पत्रांत दिसला. मोझेस मात्र ठरल्याप्रमाणे स्पेनला सुटीवर निघून गेला. बावीस वर्षांत त्याला सुट्टी रद्द करण्याची पाळी आली नव्हती, मग तेवीस बायकांसाठी ती तो का रद्द करणार?

प्रकरण न्यायालयात गेले. नगरसभेतील स्टॅन्ली आयझॅक्स हे मोझेसचे जुने टीकाकार आयांच्या बाजूला उभे राहिले, आणि न्यायमूर्ती सॅम्युएल हॉफस्टॅडर यांनी काम थांबवण्याचा तात्पुरता मनाई हुकूम दिला. आता वकिलांच्या युक्तिवादापेक्षा मला अधिक रंजक वाटते ती त्या निमित्ताने उघडली गेलेली मक्त्याची कागदपत्रे. उपाहारगृहाच्या मक्तेदाराने शहराला विक्रीचा काही हिस्सा द्यायचा होता खरा. पण इमारतीच्या सुशोभनावर तो जो खर्च करील तो त्या देण्यातून वजा करण्याची मुभा त्याला मोझेसने देऊन ठेवली होती, त्यामुळे मेजांची संख्या वाढत गेली, झुंबरे लागली, आणि शहराच्या खजिन्यात पडले ते ताटात उरलेले चार दाणे. सार्वजनिक जागेत बसून, सार्वजनिक पैशाने स्वतःचे दुकान नटवायचे, आणि पुन्हा गिऱ्हाइकांच्या मोटारींसाठी शेजारच्या मुलांची सावली मागायची! हा हिशेब उजेडात आल्यावर वाद झाडांचा राहिला नाही. गंमत अशी की, मोझेसवर स्वतःच्या खिशात पैसे घातल्याचा आरोप त्याच्या शत्रूंनीही केला नाही. त्याला पैशाचा मोह नव्हता, आज्ञेचा होता, आणि मक्ते वाटणे हा आज्ञाधारक मंडळी पोसण्याचा त्याचा मार्ग होता.

जुलैत तडजोड झाली. वाहनतळाचा बेत रद्द. त्या जागी शहर लहान मुलांसाठी क्रीडांगण बांधील. आयांनी फिर्याद मागे घ्यावी. वृत्तपत्रांनी विजयाचे मथळे दिले आणि कॅरोनेही या प्रकरणाला मोझेसच्या ऱ्हासाचा आरंभबिंदू मानले आहे. मला या विजयाकडे पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते. तोडलेली झाडे तोडलेलीच राहिली. त्याहून महत्त्वाचे, उद्यान ज्यांच्या वापरात आहे त्या रहिवाशांना त्याच्या बदलाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे की नाही, या मूळ प्रश्नाचा निवाडा झालाच नाही. तहनाम्यावर शाई वाळली आणि प्रश्न दप्तरात गेला. आपल्याकडे हा प्रश्न निकालात निघाला तो पस्तीस वर्षांनी, बंगळूरच्या एका प्रकरणात. राजमहल विलास विस्तारातील उद्यानासाठी राखलेला भूखंड वरून आलेल्या आदेशाने एका खासगी वैद्यकीय न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आला, तेव्हा शेजारच्या रहिवाशांनी लढत लढत ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. आणि ‘बंगळूर मेडिकल ट्रस्ट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९१ सालच्या निकालात न्यायालयाने असे ठरविले की, मोकळी जागा हा रहिवाशांच्या जीवनाशी निगडित विषय असल्याने त्यांना दाद मागता येते, आणि रुग्णालय कितीही लोकोपयोगी असले तरी ते उद्यानाची जागा घेऊ शकत नाही. हॉफस्टॅडर यांच्यासमोर जे सांगता सांगता राहिले, ते इथे सांगून झाले.

आणि मग मला १९५२ सालच्या डिसेंबरची आठवण होते. ब्राँक्स भागातील ईस्ट ट्रेमाँट या कष्टकऱ्यांच्या वस्तीतील कुटुंबांना त्या महिन्यात एक पत्र आले: महामार्ग येत आहे, नव्वद दिवसांत जागा सोडा. एका मैलाच्या टप्प्यात १,५३० बिऱ्हाडे. तिथेही एक गृहिणी पुढे झाली, तिनेही सभा घेतल्या, अभियंत्यांकडून दुसरा मार्ग आखून घेतला, ज्यात मोजक्याच घरांना धक्का लागत होता. तिच्याकडे नकाशाही होता, तोही चोरून पाहिलेला नव्हे, विचारपूर्वक काढलेला. ती हरली. माणूस तोच, शहर तेच, अवघी चार वर्षे मध्ये. तिथे बाबागाड्या नव्हत्या असे नाही. त्यांची छायाचित्रे घ्यायला कोणी आले नाही, एवढेच.

मोझेसने बांधलेले क्रीडांगण कसे होते, हे जाणण्यासाठी त्याची आधीची क्रीडांगणे पाहावीत, कारण तो एकच साचा ओतीत असे. कॅरोने त्याच्या कारकिर्दीतील ६५८ क्रीडांगणे मोजली आहेत: डांबराची जमीन, लोखंडी झोके, लोखंडी घसरगुंडी, सी-सॉ, भोवती जाळीचे कुंपण, आणि बाकांवर बसलेल्या आया. स्वच्छ, टिकाऊ, आणि नजर ठेवायला सोपे. तुरुंगाच्या अंगणाचे वर्णनही याच शब्दांत करता येईल. याला दुसरा पर्याय नव्हता असे मात्र नव्हे. १९३३ साली इसामु नोगुची हा तरुण शिल्पकार ‘प्ले माउंटन’ नावाची कल्पना घेऊन आला होता: शहरातील एक पूर्ण चौक म्हणजे एकच मोठा उतार, त्यावर पायऱ्या, घसरण, पाणी, हिवाळ्यात बर्फावरून सरकण्याची सोय, खेळणी आणून ठेवायची नाहीत, जमीन हेच खेळणे. तो आराखडा त्याने मोझेसच्या कार्यालयात नेला. मोझेस हसला, आणि नोगुचीला दार दाखवण्यात आले. नोगुचीने आयुष्यभर हा विषय सोडला नाही. साठीच्या दशकात वास्तुकार लुई कान याला बरोबर घेऊन त्याने रिव्हरसाइड पार्कसाठी पुन्हा पुन्हा आराखडे केले, पाच वर्षे केले, आणि या खेपेस त्याचा मुख्य विरोधक कोण होता? आसपासचे रहिवासी! आमची हिरवळ तशीच राहू द्या, बाहेरची गर्दी नको, असे म्हणत त्यांनी न्यायालयाची पायरी चढली, आणि १९६६ साली नवे नगराध्यक्ष लिंड्से यांनी योजना गुंडाळली. रहिवासी म्हटले की न्याय्य बाजू त्यांचीच, असे समजणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावे. मी तिसऱ्यांदा वाचतो आहे आणि अजून माझा संताप शमलेला नाही.

परंतु त्याच वर्षी, सदुसष्टाव्या रस्त्याच्या टोकाशी, आया आणि वडील पुन्हा जमू लागले. १९५६ च्या क्रीडांगणापासून काही पावलांवर तिसाच्या दशकातले एक जुने डांबरी क्रीडांगण होते. मुले त्यात रमत नाहीत आणि पडली तर हाडे मोडतात, ही तक्रार जुनी होती. लॉडर कुटुंबाच्या न्यासाने पैसे दिले आणि रिचर्ड डॅटनर या वास्तुकाराने १९६७ साली तिथे ‘अॅडव्हेंचर प्लेग्राउंड’ उभे केले. भोवती बुटकी भिंत, आत वाळू. दगडी शंकू, पिरॅमिड, बोगदा, झाडावरचे मचाण, पाण्याचा ओहोळ. घसरगुंडी होती, पण ती डोंगराच्या पोटातून बाहेर यायची. एका टोकाने चढलेले मूल कुठून उगवेल हे बाकावर बसलेल्या आईला आधी कळत नसे. डॅटनरने १९६९ साली ‘डिझाइन फॉर प्ले’ या पुस्तकात ही सारी विचारसरणी मांडली, आणि तिचे सार माझ्या शब्दांत सांगायचे तर, सुरक्षितता म्हणजे धोका काढून टाकणे नव्हे, मुलाला दिसेल आणि मोजता येईल असा धोका त्याच्या उंचीला आणणे. १९८१ मध्ये अमेरिकी सरकारच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने क्रीडांगणांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली, आणि त्यानंतरच्या नियमांच्या पुरात त्या पिढीतील अशी कित्येक क्रीडांगणे सपाट झाली. सदुसष्टाव्या रस्त्यावरचे ते पुढे दुरुस्त झाले तरी त्याचे शंकू आणि बोगदे राहिले.

मी एकदा कागदावर वयाचा हिशेब मांडला. २४ एप्रिलच्या पहाटे कुंपणाबाहेर आईच्या कडेवर असलेले मूल दोन-तीन वर्षांचे धरावे. त्याच्या नावाने लढली गेलेली जागा त्याला मिळाली ती डांबराची आणि लोखंडी झोक्यांची. वाळू, पाणी आणि डोंगराच्या पोटातली घसरगुंडी घेऊन खरे क्रीडांगण आले तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे झाले होते, मिसरूड फुटू लागले होते, आणि त्या बोगद्यात शिरायचे म्हटले तर त्याचे खांदे अडकले असते.