कॅमेरा घेतांना : आधीं भिंगाचा विचार

घरांत कॅमेरा घ्यावयाचा असें एकदां ठरलें, कीं बहुतेक कुटुंबांत वादाला तोंड फुटतें. मुलांचें लक्ष मेगापिक्सेलच्या आंकड्याकडे, वडील मंडळींचें किमतीकडे. आणि ज्या भिंगांतून चित्र उमटावयाचें त्याची चौकशी मात्र कोणीच करीत नाहीं. एकत्र कुटुंबांतील पैसा सर्वांचा. तो खर्च होण्यापूर्वीं चार गोष्टी वाचकांपुढें मांडाव्या, एवढाच आमचा हेतु आहे.

डिजिटल एस्. एल्. आर्. कॅमेऱ्यांत भिंगाच्या मागें तिरपा आरसा असतो. भिंगाला जें दिसतें तेंच तो आपल्या डोळ्याला दाखवितो; कळ दाबतांच आरसा वर उचलला जाऊन प्रकाश संवेदकावर पडतो. २०१८ सालीं निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्यांनीं नव्या जोडणीचे बिनआरशाचे कॅमेरे काढले, आणि २०२० नंतर दोघींनींही आरशाचा नवा नमुना आणलेला नाहीं. म्हणून हल्लीं असा कॅमेरा बहुधा वापरलेलाच घ्यावा लागतो, व तो स्वस्तही पडतो. बेताच्या मिळकतीच्या घरास ही चांगली संधि आहे. मात्र निवड डोळसपणें व्हावयास हवी.

पहिली गोष्ट जोडणीची. ज्या कड्यानें भिंग कॅमेऱ्यास जोडतात, तें प्रत्येक कंपनीचें निराळें. निकॉनचें एफ् कडें १९५९ पासूनचें. कॅननचें ईएफ् १९८७ चें, व त्यापूर्वींचीं एफ्‌डी भिंगें त्यावर बसत नाहींत. कडें जुळलें म्हणजे सारें जुळलें, असेंही नव्हे. निकॉनच्या डी ३००० व डी ५००० या मालिकांत भिंग फिरविणारी मोटार नाहीं. तेथें स्वतःची मोटार असलेलें ‘एएफ्-एस्’ जातीचें भिंग घ्यावें, एरव्हीं हातानेंच चित्र स्पष्ट करावें लागेल. आजोबांच्या पेटींत १९७७ पूर्वींचें निकॉनचें भिंग सांपडलें, तर जाणकारास दाखविल्यावांचून तें नव्या कॅमेऱ्यावर चढवूं नये. कांहीं कॅमेऱ्यांतील नाजूक तरफ त्यानें मोडूं शकते. कॅननचें ईएफ्-एस् भिंग पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यावर बसत नाहीं.

दुसरी गोष्ट आपल्या घराच्या मापाची. पूर्ण संवेदक ३६ × २४ मिलिमीटरांचा असतो. स्वस्त कॅमेऱ्यांतील संवेदक लहान असल्यामुळें ५० मिलिमीटरांचें भिंग तेथें ७५ ते ८० मिलिमीटरांच्या भिंगाइतकेंच क्षेत्र टिपतें. एकट्या आजीच्या चेहऱ्यास तें उत्तम. पण माजघरांत सारें कुटुंब बसवूं म्हटलें, तर पाठीमागें भिंत लागते. त्यासाठीं कॅमेऱ्याबरोबर मिळणारें १८–५५ चें भिंग १८ वर ठेवावें. उलट, मुंजींतील मातृभोजन अंधुक उजेडांत चाललें असेल, तर एफ् १.८ चें भिंग एफ् ५.६ च्या सुमारें दहापट प्रकाश आंत घेतें. लहान संवेदकाच्या निकॉनसाठीं ३५ मिलिमीटर एफ् १.८ हें भिंग घरगुती प्रसंगास फार उपयोगी आहे.

वापरलेलें भिंग घेतांना तें विजेरीच्या प्रकाशांत आरपार पहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी समजावी व सौदा सोडावा. कोकणांतील पावसाळ्यांत चांगलीं भिंगेंही अशींच खराब होतात. यास्तव तीं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावींत. कॅमेऱ्याचा पडदा किती वेळां उघडला, तो आंकडाही विचारून घ्यावा.

आमची शिफारस अशी, कीं ठरलेल्या रकमेपैकीं निम्मी भिंगासाठीं राखावी. कॅमेरा कांहीं वर्षांनीं बदलतो. चांगलें भिंग पुढच्या कॅमेऱ्यावरही चालतें. आणि घरांत ऐशीं वर्षांचीं माणसें असतील, तर उत्कृष्ट कॅमेऱ्याची वाट पाहत दिवस घालवूं नयेत. जो हातीं आहे त्यानेंच त्यांचीं छायाचित्रें या महिन्यांत काढावींत, व प्रत्येकाखालीं नांव आणि तारीख लिहून ठेवावी.