पेशीतला हिरवा दिवा

शाळेच्या पुस्तकात पेशीचे चित्र असते. मध्ये केंद्रक, भोवती पेशीद्रव्य, कडेला पातळ पटल. हे चित्र पाठ करता करता एखादा विद्यार्थी मध्येच विचारतो, "सर, आतले प्रथिन कुठून कुठे जाते, हे कोणी डोळ्यांनी पाहिले आहे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आमच्या वाचकांना, विशेषतः विद्यार्थी बंधुभगिनींना, सोप्या भाषेत देण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

साध्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे. दोन बिंदूंमधील अंतर सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा कमी झाले की ते वेगळे दिसत नाहीत. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली या मर्यादेचा सिद्धांत मांडला. प्रथिनाचा रेणू तर अवघ्या काही नॅनोमीटरचा. शिवाय पेशीत हजारो प्रकारची प्रथिने दाटीवाटीने असतात आणि बहुतेक रंगहीन असतात. रात्री जत्रेच्या गर्दीत आपला माणूस शोधायचा असेल तर त्याच्या हाती कंदील द्यावा. माणूस दिसला नाही तरी कंदील कुठे चालला आहे हे दुरूनही कळते. रेणूला बांधलेल्या अशा कंदिलाला शोधक रेणू किंवा मॉलिक्युलर प्रोब म्हणतात. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा असा एक कंदील समुद्रातल्या जेलीफिशपासून मिळाला आहे.

ओसामू शिमोमुरा यांचा जन्म १९२८ साली जपानमध्ये झाला. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा सोळा वर्षांचे शिमोमुरा काही कोसांवरच्या इसाहाया येथे कारखान्यात काम करीत होते. त्या लखलखाटाने त्यांना काही क्षण दिसेनासे झाले. काळ्या पावसात भिजत ते घरी आले आणि आजीने त्यांना लगेच अंघोळ घातली. युद्धामुळे शिक्षण खंडित झाले. पुढे घराजवळ हलविण्यात आलेल्या नागासाकीच्या औषधनिर्माण महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. त्या विषयाची आवड नव्हती, पण दुसरी वाटही नव्हती.

हेच शिमोमुरा १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील फ्रायडे हार्बर येथे, फ्रँक जॉन्सन यांच्यासमवेत, चमकणारे जेलीफिश गोळा करीत होते. त्या एका उन्हाळ्यात त्यांनी सुमारे १०,००० जेलीफिश जमविले. त्यांतील प्रकाश देणारे द्रव्य वेगळे करण्याचे प्रयत्न फसत होते. एकदा त्यांनी टाकाऊ द्रावण मोरीत ओतले आणि मोरी निळ्या प्रकाशाने उजळली! मोरीत समुद्राचे पाणी होते आणि त्यातील कॅल्शियममुळे हा प्रकाश पडला होता. या प्रथिनाला एक्वोरिन असे नाव मिळाले. स्नायूंच्या पेशीत कॅल्शियम केव्हा वाढते हे पाहण्यासाठी पुढे त्याचाच उपयोग झाला. १९६२ सालच्या निबंधात या दोघांनी सोबतच्या एका हिरव्या प्रथिनाचीही नोंद केली. तेच ग्रीन फ्लुओरेसंट प्रोटीन, अर्थात जीएफपी.

निळा किंवा अतिनील प्रकाश शोषून हे प्रथिन हिरवा प्रकाश बाहेर टाकते. या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणतात. जीएफपीत २३८ अमिनो आम्ले असतात. त्यांतील तीन एकत्र येऊन प्रकाश देणारा भाग आपोआप तयार होतो, त्याला फक्त प्राणवायू लागतो. हे प्रथिन बनविणारे जनुक डग्लस प्रॅशर यांनी १९९२ साली अमेरिकेतील वुड्स होल येथे वेगळे केले. परंतु पुढील संशोधनासाठी त्यांना निधी मिळाला नाही. तेव्हा त्यांनी ते जनुक मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांना मोकळ्या मनाने पाठवून दिले.

चॅल्फी यांनी १९९४ साली हे जनुक जीवाणूंत आणि एका चिमुकल्या पारदर्शक कृमीत घातले, तेव्हा जिवंत कृमीच्या स्पर्शाच्या चेतापेशी हिरव्या उजळल्या. त्सिएन यांनी या प्रथिनात बदल करून ते अधिक तेजस्वी केले, तसेच निळ्या, पिवळ्या छटाही निर्माण केल्या. आता संशोधक हव्या त्या प्रथिनाच्या जनुकाला जीएफपीचे जनुक जोडतात. मग ते प्रथिन स्वतःचा दिवा घेऊनच जन्माला येते. कर्करोगाच्या पेशी शरीरात कशा पसरतात, विषाणू पेशीत कसा शिरतो, हे जिवंतपणी पाहता येते. एरिक बेत्झिग यांनी २००६ साली असेच दिवे एकावेळी थोडे थोडे पेटवून, त्यांच्या जागा टिपून, आबे यांची २०० नॅनोमीटरची मर्यादाही ओलांडली. सूक्ष्मदर्शनातील या प्रगतीसाठी २०१४ साली त्यांना, स्टेफान हेल व विल्यम मर्नर यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र दिव्यालाही दोष असतात. जीएफपी हे स्वतः एक मोठे प्रथिन आहे. त्याच्या ओझ्याने मूळ प्रथिनाची चाल बदलू शकते. तीव्र प्रकाशाने दिवा विझतो आणि पेशीलाही इजा होते. म्हणून दिसले तेच खरे असे न मानता खरा संशोधक दुसऱ्या रीतीने पडताळणी करतो.

जीएफपीसाठी २००८ चे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. हे पारितोषिक तिघांहून अधिकांना देता येत नाही. त्यावेळी प्रॅशर अलाबामा राज्यात मोटारींच्या एका विक्रेत्याकडे ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवीत होते. चॅल्फी आणि त्सिएन त्यांना विसरले नाहीत. त्यांनी त्यांना सन्मानाने, स्वखर्चाने समारंभाला बोलाविले. पुढे २०१२ साली त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत प्रॅशर यांना कामही मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, पारितोषिकांच्या यादीत तीन नावे आहेत, पण प्रत्यक्ष कामात कितीतरी हात आहेत. साधनांअभावी हुशार माणूस प्रयोगशाळेबाहेर पडतो ही हानी त्याची एकट्याची नसते, ती सर्वांची असते. आणि खंडित शिक्षण, नावडता विषय, घराजवळचे साधे कॉलेज, यांपैकी काहीही शिमोमुरांच्या आड आले नाही. लखलखाटाने डोळे दिपलेल्या त्या मुलाने जगाला पेशीच्या आत पाहण्यासाठी दिवा दिला, एवढे आपण ध्यानात ठेवावे.