लोखंडी नांगराचे दुकानदार

बेळगावात किर्लोस्कर रोड आहे. ज्यांचे नाव या रस्त्याला आहे, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा धंदा सुरू झाला तो सायकलींपासून.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, तेव्हा काही रंग आपल्याला नीट ओळखूच येत नाहीत असे कळले. मग रंग सोडून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. नोकरीत असतानाच ते मुंबईहून सायकली धाडत आणि बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत. सायकल चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे! वस्तू विकायची तर ती वापरायलाही शिकवावी लागते, हा धडा इथलाच. पुढे नोकरीतली बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव बेळगावला परतले.

सायकलींमागून पवनचक्क्या, मग कडबा कापायचे यंत्र आणि शेवटी लोखंडी नांगर. कडबा यंत्राचा फायदा डोळ्यांना दिसे. अख्खी पेंढी टाकली की बैल पाला खाऊन जाड ताटे पायाखाली तुडवतो. तुकडे करून दिले की तेही पोटात जातात. नांगराचे गणित मात्र सोपे नव्हते. काळ्या रानात हरळी-कुंदा माजला की लाकडी नांगराला तीन-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत, आणि तरी माती फाटे, पालथी होत नसे. लोखंडी नांगर ढेकूळ उलटे करून गवताच्या मुळ्या उन्हाला घाली. पण शेतकरी म्हणे, लोखंडाने जमिनीला विष चढेल.

या भीतीला हसणे सोपे आहे. लाकडी नांगर गावचा सुतार करी, फाळाला लोहार धार लावी, आणि दोघांचे देणे खळ्यावर बलुत्यात फिटे. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजायचे, आणि फाळ झिजला की पुन्हा कारखान्याचे तोंड पाहायचे. विषाची गोष्ट ओठांवर असली, तरी पोटात हा हिशेबही असणार. नांगर बराच काळ पडून राहिले. शेतात चालवून दाखवल्याशिवाय ते खपणार नव्हते.

धंदा जरा रुळतो तोच बेळगावात नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी कारखान्याची जागा हवी झाली. त्याच सुमारास औंधला यमाईच्या देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान! 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. माळ निवडला खरा, पण रेल्वेलगतचा. ओतीव लोखंडाचा माल बैलगाडीने कितीसा लांब जाणार?

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे अवघड झाले आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण तेव्हाच लोखंड आणि कोळसाही मिळेनासा झाला. त्यातूनही वाडी तगली. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक आले, भुईमूग फोडायची यंत्रे आली, पुढे पंप आले. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामांतले एकेक काम हेरून त्याचे यंत्र करायचे, अशी ही चाल होती. स्वतः लक्ष्मणराव बोलघेवडे विक्रेते नव्हते. त्यांचा जीव आराखड्यात आणि ओतशाळेत. त्यांच्या मालाला जीभ दिली ती पुतण्याने.

शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले, ते कारखान्याची हालहवाल गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून. नांगर-चरकांच्या त्या पत्रिकेचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही भावंडे मिळाली. मराठी मध्यमवर्गाच्या घरात आयुष्यात कधी नांगर आला नाही, पण नांगरवाल्याचे मासिक आले.

लक्ष्मणराव 1956 मध्ये वारले. कुंडल रोड स्टेशनचे नाव आता किर्लोस्करवाडी आहे, आणि कारखान्यात आजही पंप तयार होतात.