परवानगी कोणाची आणि किती?

एकाच संगणकावर अनेकांनी काम करावयाचे, तर कोणी कोणाच्या कागदपत्रांना हात लावावा याचे काही नियम असावे लागतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स या कार्यप्रणालीची उभारणी सुरू केली, तेव्हा संगणक महाग होते आणि एकच यंत्र अनेकजण वाटून घेत. त्या गरजेतून निर्माण झालेली परवानग्यांची व्यवस्था, १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभिलेल्या लिनक्समध्येही टिकून आहे. पुष्कळांची मात्र तिच्याशी पहिली ओळख होते ती ‘परमिशन डिनाइड’, म्हणजे ‘परवानगी नाकारली’, या रुक्ष उत्तराने.

हे उत्तर मिळाले म्हणजे संगणक बिघडला असे समजू नये. पहारेकऱ्याने आपले काम केले आहे, एवढाच त्याचा अर्थ. आपण कोण, फाईल कोणाची आणि तिचे आपल्याला काय करावयाचे आहे, हे त्याने पडताळून पाहिलेले असते. तेच आपणही पाहावे.

त्यासाठी टर्मिनल उघडून ‘एलएस -एल’ ही आज्ञा द्यावी. (आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावयाच्या असतात, येथे अक्षरांचे उच्चार दिले आहेत.) प्रत्येक फाईलच्या नावाआधी तिच्या मालकाचे व गटाचे नाव आणि ओळीच्या आरंभी दहा चिन्हे दिसतात. पहिले चिन्ह ‘डी’ असेल तर ते फोल्डर होय. उरलेल्या नऊ चिन्हांचे तीन त्रिक पडतात : मालकाचे, गटाचे व इतर सर्वांचे. प्रत्येक त्रिकात ‘आर’ म्हणजे वाचणे, ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिणे आणि ‘एक्स’ म्हणजे चालवणे. त्यांची मूल्ये अनुक्रमे ४, २ व १. म्हणून ६४४ म्हणजे मालकाला वाचण्या-लिहिण्याची मुभा, इतरांना केवळ वाचनाची.

फोल्डरच्या बाबतीत या अक्षरांचा अर्थ बदलतो आणि नवखा माणूस येथेच चकतो. फोल्डरवरील ‘एक्स’ म्हणजे आत जाण्याची वाट. ती बंद असेल, तर आतली फाईल सर्वांसाठी खुली असूनही हाती लागत नाही. तसेच फाईल पुसून टाकण्याचा अधिकार सामान्यतः फाईलवर नव्हे, तर तिच्या फोल्डरवरील ‘डब्ल्यू’वर अवलंबून असतो.

नेहमी आढळणारी एक अडचण पाहू. फाईल उघडते, वाचता येते. पण दुरुस्ती जतन होत नाही. मालकाच्या जागी ‘रूट’, म्हणजे सर्वाधिकारी, असे नाव दिसते. पूर्वी कधी घाईत ‘सुडू’ ही आज्ञा जोडून, म्हणजे सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने, ती फाईल तयार केली गेली असावी. दोष परवानगीत नसून मालकीत आहे. तेव्हा ‘सुडू सीएचओडब्ल्यूएन’ असे लिहून पुढे आपले वापरकर्तानाव व फाईलचे नाव द्यावे. मालकी आपल्याकडे येते. मालकी आपलीच असून मुभा कमी पडत असेल, तर ‘सीएचएमओडी ६४४’ व फाईलचे नाव पुरे. गुप्त किल्ली असलेल्या फाईलला मात्र ६०० हाच क्रमांक द्यावा. दूरच्या संगणकाशी जोडणारी ‘एसएसएच’ ही प्रणाली इतरांना वाचता येणारी किल्ली वापरण्यास नकार देते. म्हणजे कधीकधी मुभा जास्त झाल्यानेही काम अडते!

कंटाळून ‘७७७’ देणारे बरेच असतात. त्याने सर्वांना सर्व काही खुले होते आणि अडचण दिसेनाशी होते. तीच आज्ञा ‘-आर’ हा पर्याय मोठ्या लिपीत जोडून मूळ फोल्डरवर चालवली, तर ती आतल्या प्रत्येक फाईलपर्यंत पोहोचते. ‘सुडू’ हाही एक प्रोग्रॅमच आहे. सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने चालण्यासाठी त्याच्यावर एक विशेष खूण असते. ७७७ ने ती खूण पुसली जाते आणि ‘सुडू’ चालेनासे होते. दुरुस्तीसाठी जे हत्यार हवे तेच निकामी झालेले असते. मग बाहेरील डिस्कवरून संगणक सुरू करून एकेक परवानगी पूर्ववत करीत बसावे लागते, नाहीतर संपूर्ण प्रणाली नव्याने बसवावी लागते.