‘नुसती थिअरीच’

मराठी माणूस ‘थिअरी’ हा शब्द शाळेतच शिकतो, तोही प्रॅक्टिकलच्या जोडीला. थिअरी म्हणजे पाठ करून लिहायचं, प्रॅक्टिकल म्हणजे खरं काम. पुढे चहाच्या टपरीवर त्याला दुसरा अर्थ भेटतो. ‘गावात वाहतूक का तुंबते, यावर माझी एक थिअरी आहे,’ म्हणत कोणीही काहीही ठोकून देतं. आपला प्रतिशब्द ‘सिद्धांत’ नेमका उलट्या बाजूला ओढतो. ‘सिद्ध’ आणि ‘अंत’ ही दोन पदं ऐकली की वाटतं, विषय संपला, शंकेला जागाच उरली नाही. एका संकल्पनेसाठी दोन शब्द आणि दोन्ही चकवणारे!

या गोंधळातला सर्वांत चिवट समज बढतीचा आहे. आधी कल्पना, मग गृहीतक, पुरावे जमले की सिद्धांत आणि अगदी पक्कं झालं की नियम. जणू कारकुनाचा हेडक्लार्क आणि हेडक्लार्कचा साहेब. प्रत्यक्षात नियम आणि सिद्धांत यांची खातीच वेगळी. तापमान तेच ठेवून वायूवरचा दाब दुप्पट केला की त्याचं आकारमान निम्मं होतं, हा बॉइलचा १६६२ सालचा नियम. काय घडतं, एवढंच तो सांगतो. का घडतं, हे सांगायला वायूंचा गतिज सिद्धांत लागतो: रेणू सतत धावत असतात आणि भांड्याच्या भिंतींवर आदळत असतात. दाब फारच वाढवला तर बॉइलचा नियम चुकू लागतो. का चुकतो, हेही त्या सिद्धांतालाच विचारावं लागतं.

न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाची गोष्ट याहून रंजक. युरेनसची चाल गणितात बसेना, तेव्हा फ्रान्सच्या ल व्हेरिएने नियमावर भरवसा ठेवून कागदावरच एक अज्ञात ग्रह मांडला. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत योहान गॉलने दुर्बीण तिकडे वळवली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाची कक्षाही हिशेबापेक्षा किंचित जास्त सरकताना दिसली. ल व्हेरिएने १८५९ मध्ये जुनाच उपाय केला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याचं बारसंही झालं, व्हल्कन. एका हौशी फ्रेंच डॉक्टरला तो ‘दिसला’सुद्धा आणि त्याबद्दल त्याला सरकारी सन्मान मिळाला.

ग्रह मात्र नव्हताच. शतकात ४३ विकलांचा तो फरक (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताने कोणताही ग्रह न घुसडता जुळवून दाखवला. नियम अडला तिथून ‘नुसती थिअरी’ पुढे गेली. तरी न्यूटन अडगळीत पडला नाही. अवकाशयानांच्या वाटेचा बहुतेक हिशेब आजही त्याच्याच पद्धतीने होतो.

‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलं?’ अशा आशयाचा सवाल २०१८ मध्ये औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जाहीरपणे केला आणि देशातल्या विज्ञान अकादमींना तो खोडून काढणारं पत्रक काढावं लागलं. डोळ्यांदेखत घडलं तेवढंच विज्ञानात चालतं, असा हा समज. पण उत्क्रांतीचा सिद्धांत पुरावा कुठे शोधायचा तेही सांगतो. मासे जमिनीकडे वळले त्या काळातल्या, सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वी उथळ नद्यांत साचलेल्या खडकांत मधल्या अवस्थेतला प्राणी मिळायला हवा, असा अंदाज बांधून नील शुबिन आणि त्याचे सहकारी कॅनडाच्या थेट उत्तरेला एल्समिअर बेटावर जाऊ लागले. २००४ मध्ये त्यांना टिक्टालिक सापडला. खवले माशाचे, पण मान वळणारी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं!

खरा ठरला तरच सिद्धांत वैज्ञानिक, हेही बरोबर नाही. फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती सिद्धांत मांडला: विश्वाला सुरुवात नाही, प्रसरणाने पडणारी पोकळी भरायला नवं द्रव्य थोडं थोडं निर्माण होत राहतं. कोल्हापूरचे जयंत नारळीकर हॉइलचे विद्यार्थी आणि पुढे याच मांडणीतले भागीदार. सिद्धांताचं म्हणणं रोखठोक होतं, विश्व सर्व काळात सारखंच दिसलं पाहिजे. दूरच्या रेडिओ स्रोतांची मोजणी त्याच्याशी जुळेना. मग १९६५ मध्ये सगळ्या आकाशातून येणाऱ्या क्षीण वैश्विक पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला, जे विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली असं मानणाऱ्यांनी आधीच वर्तवलं होतं. सिद्धांत हरला, पण मैदानात उतरून हरला.

त्याच नारळीकरांनी नंतर पुण्यात फलज्योतिषालाही मैदानात बोलावलं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांसह त्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या, निम्म्या हुशार मुलांच्या, निम्म्या मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाने चाळीस पत्रिका पाहून कोणती कुणाची ते ओळखायचं. उत्तरं पाठवली सत्तावीस जणांनी. सर्वाधिक बरोबर उत्तरं २४, सरासरी सतरापेक्षा थोडी जास्त. नाणं उडवलं असतं तरी वीस आली असती. त्यानंतर फलज्योतिषाचा एखादा नियम बदलल्याचं ऐकिवात नाही. नारळीकरांनी मात्र हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर १९९३ मध्ये आपल्या जुन्या सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. तिच्यात पार्श्वप्रारणाचं वेगळं स्पष्टीकरण होतं, आणि तेही बहुतेक खगोलशास्त्रज्ञांना पटलं नाही.